आजीबाई

आजचं वाचन: नीतिसूत्रे २७:५-९ आणि प्रेषितांची कृत्ये १८:२४-२८



गेल्या रविवारी उपासनेनंतर चहा घेताना आमच्या युवा संगतीतल्या एका बहिणीने मला विचारलं की विश्वासातली जवळची मैत्रीण निवडायची कशी? चर्चमध्ये ओळखी खूप आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर चार ग्रुप आहेत, वाढदिवसाला केक कापायला माणसं आहेत. पण जिला मनातलं सांगावं आणि जी आपल्याला तोंडावर खरं सांगेल, अशी कोणी नाही. मी घाईत उत्तर दिलं की प्रार्थना कर, प्रभू देईल. घरी पोचेपर्यंत ते उत्तर मला स्वतःलाच पटेनासं झालं. म्हणून आज जरा लांब लिहिते आहे. मेट्रोत उभ्याने वाचत असाल तर दोन टप्प्यांत वाचा.

नीतिसूत्रांच्या या भागात मित्राने केलेल्या जखमेबद्दल लिहिलंय. ती जखम भरवशाची असते, असा त्याचा भाव आहे. खरं सांगू? बरीच वर्षं मला हे वचन आवडायचं नाही. कॉलेजात असताना एका संगतीत मी होते. तिथे आमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी एक ताई रोज रात्री आमच्याकडून हिशोब घ्यायची. आज काय पाप झालं, कोणाशी बोललीस, किती वेळ प्रार्थना केलीस. ताई प्रेमळ होती, हे आजही म्हणेन. पण मी काय शिकले, तर मोठं पाप लपवायला छोटी छोटी पापं कशी सांगायची. सकाळी उशिरा उठले, आईवर चिडले, असं रोज काहीतरी द्यायचं, म्हणजे ती पुढे विचारत नसे. शेवटी मी ती संगत सोडली आणि ठरवलं की आता माझं आणि प्रभूचं मी बघून घेईन, मध्ये कोणी नको.

त्या काळात पंडिता रमाबाईंची पत्रं माझ्या हाती आली. रमाबाई आपल्याला माहीत असतात त्या मुक्तीच्या, केडगावच्या. पांढरं लुगडं, हजारो मुली, बायबलचं भाषांतर. संडे स्कूलच्या भिंतीवर फोटो असतो, तेवढंच. पत्रांतल्या रमाबाई वेगळ्याच निघाल्या. पंचविशीतली एक विधवा, कडेवर दोन वर्षांची मुलगी, परक्या देशात, ऐकायला कमी येतंय, आणि ज्या बाईने त्यांना विश्वासात आणलं तिच्याशीच त्या पानंच्या पानं वाद घालताहेत. मला वाटलं, अरे, ही तर माझीच गोष्ट! (पूर्ण तशी नव्हती. ते पुढे कळलं.)

थोडं मागून सांगते. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. सगळं कुटुंब पायी तीर्थयात्रा करत पुराणं सांगायचं. मग १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. हे दोघे हजारो मैल चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले आणि तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती म्हटलं. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, जातीबाहेर. सिलचरच्या त्या घरात त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं. एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन उत्पत्तीचं पुस्तक समजावू लागले. बिपिनबाबूंना ते रुचलं नाही, आणि तो विषय तिथेच थांबला. १८८१ मध्ये मनोरमा झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले.

हे एवढं भरभर सांगितलं, कारण पुढचं समजायला एकच गोष्ट ध्यानात ठेवायची आहे. वयाच्या चोविसाव्या वर्षी या बाईला आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा यांपैकी कोणीच उरलं नव्हतं. तिला पुढे जी माणसं मिळाली ती सगळी निवडलेली होती.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति लिहिलं. तिथे पंचहौदाजवळ काम करणाऱ्या वॉन्टेजच्या अँग्लिकन भगिनींशी ओळख झाली. आणि ओळख झाली फादर नेहेम्या गोऱ्यांशी. गोरे म्हणजे काशीचे नीळकंठशास्त्री, १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कोकणस्थ पंडित. या माणसाला आयुष्यभर शंकांनी छळलं. रात्र रात्र ते स्वतःच्या विश्वासाशी झगडायचे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. रमाबाईंना खात्रीने भरलेला उपदेशक भेटला नाही. त्यांचीच पोथी वाचलेला आणि त्यांच्याच जातीच्या शंका ओळखणारा एक म्हातारा होत आलेला माणूस भेटला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या, वैद्यकी शिकायला. भाड्याचे पैसे स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून उभे केले, कोणाचे मिंधे व्हायला नको म्हणून. सोबत मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही मैत्रीण. वॉन्टेजच्या मठात पोचल्यावर कळलं की कान कमी झाल्यामुळे डॉक्टरकी जमणार नाही. आणि थोड्याच महिन्यांत आनंदीबाईंचा तिथेच फार दुःखद अंत झाला. आपल्याला जबरदस्तीने ख्रिस्ती करतील, या भीतीने त्यांचं मन पार ढासळलं होतं.

रमाबाईंनी निघताना सांगितलं होतं की मी धर्म बदलणार नाही. मग काय झालं? लंडनमधल्या फुलहॅमला या भगिनींचं एक घर होतं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे ठेवून घेत. रमाबाईंनी हे कधीच पाहिलं नव्हतं. अशा बायकांना आपल्या शास्त्रात काय वाट्याला येतं, ते त्यांना पाठ होतं. त्यांनी विचारलं की तुम्ही यांची काळजी का घेता? उत्तरादाखल एका भगिनीने योहानाचा चौथा अध्याय काढला आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचली. पुढे १९०७ मध्ये आपल्या साक्षीत रमाबाईंनी हा प्रसंग लिहून ठेवलाय. त्याच सुमाराला गोऱ्यांचं भारतातून लांबलचक मराठी पत्र आलं, ख्रिस्ती धर्म देवाने दिलेला आहे याला पुरावा काय, या प्रश्नावर. त्याने उरलेली अडचण दूर झाली. २९ सप्टेंबर १८८३ ला आई आणि मुलगी दोघींचा वॉन्टेजला बाप्तिस्मा झाला.

आता येतात सिस्टर जेराल्डिन. रमाबाईंची आध्यात्मिक आई हीच. आणि रमाबाई तिला पत्रात हाक काय मारायच्या? आजीबाई! मनोरमेच्या नात्याने. ज्या बाईची सगळी माणसं गेली, तिने इंग्लंडमधल्या एका जोगिणीला घरातली आजी करून टाकलं. मला ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं आणि नंतर घशात आवंढा आला.

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकायला गेल्या. तिथे संस्कृत शिकवायच्या आणि स्वतः इंग्रजी, गणित, विज्ञान शिकायच्या. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील. मनोरमा पुष्कळदा वॉन्टेजलाच, आजीबाईंकडे. आणि मग पत्रापत्री पेटली.

वाद कशावरून? एक तर शिकवण्यावरून. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही भाषा शिकवाव्यात अशी कल्पना निघाली, तर भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली की यामुळे हिंदुस्थानात तिचं नाव खराब होईल. रमाबाई संतापल्या. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितसभेत पुरुषांसमोर शास्त्रार्थ केला होता, तिला आता बिशप सांगणार? मग शाकाहारावरून. रमाबाई मांसमच्छी खात नव्हत्या, आणि जेराल्डिनना त्यात जातीचा जुना अहंकार दिसायचा. मग क्रूसावरच्या अक्षरांवरून. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन शब्द होते. रमाबाईंचं म्हणणं, माझ्या देशाच्या बाईला न कळणारी अक्षरं कशाला, संस्कृत का नको? लॅटिन काय जास्त पवित्र आहे? (इथे मी एकटीच मोबाईलकडे बघून टाळी वाजवली होती.)

पण खरा वाद श्रद्धेचा होता. रमाबाईंनी ख्रिस्ताला स्वीकारलं होतं, पण त्रैक्य, कुमारीपासून जन्म, चर्चची विधानं या सगळ्यावर त्यांच्या मनात प्रश्न होते, आणि ते त्या लपवत नव्हत्या. जेराल्डिनना वाटे की बाप्तिस्मा घेतला म्हणजे चर्चने शिकवलेलं सगळं नम्रपणे मान्य करायला हवं. प्रश्न विचारणं हा गर्व आहे. रमाबाईंनी कळवलं की मी मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले आहे, आता दुसऱ्या पुरोहितवर्गाचं जोखड मानेवर घेणार नाही. आणि सगळ्यात नाजूक गाठ मनोरमेची. जे मला स्वतःला अजून पटलेलं नाही ते माझ्या मुलीला शिकवू नका, असं त्यांनी बजावलं. आजीबाईंना वाटलं की ही लेकराच्या तारणाशी खेळते आहे.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा सरळ रमाबाईंच्या बाजूने उभी होते. जेराल्डिन म्हणजे माझी ती कॉलेजातली ताई. झालं, प्रकरण बंद.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा अडखळले. एक म्हणजे, मी त्रैक्य मानते. रमाबाईंनीही नंतर मानलं. म्हणजे त्या १८८५ च्या वादात शिकवणीच्या दृष्टीने आजीबाईच बरोबर होत्या! बरोबर असूनही त्यांचं बोलणं रमाबाईंच्या आत पोचत नव्हतं. दुसरं म्हणजे, जेराल्डिनने लिहिणं थांबवलं नाही आणि रमाबाईंनी उत्तर देणं थांबवलं नाही. इतकी कडू पत्रं लिहून झाल्यावरही हाक तीच, आजीबाई. आज आपण एका मेसेजवरून माणूस ब्लॉक करतो. मी केलेलं आहे.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे मिस बील. यांच्याकडे माझं पहिल्या वाचनात लक्षच गेलं नव्हतं. बीलबाई पक्क्या चर्चच्या, विश्वासाने ढिल्या अजिबात नव्हत्या. पण त्यांना हे कळलं होतं की ही बाई शास्त्रांत वाढलेली आहे, हिला विश्वास विचारांतूनही पटावा लागेल, हिच्या विवेकाला पटावा लागेल. त्यांनी जेराल्डिनना आणि चर्चच्या लोकांनाही हे समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. रमाबाई त्यांच्याकडे शंका घेऊन जायच्या आणि त्या शंकेवर बोलायच्या. शंका घेणाऱ्या बाईच्या स्वभावावर नाही. प्रश्न त्याही विचारायच्या, सोपे नव्हते ते. फरक एवढा की उत्तरासाठी त्या थांबायला तयार होत्या.

प्रेषितांच्या कृत्यांतला अपुल्लो आठवा. विद्वान, बोलका, शास्त्रात पारंगत, आणि तरी त्याच्या समजुतीत एक मोठी उणीव होती, त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला सभास्थानात बसून त्याचं ऐकतात. तिथेच उभं राहून त्याला टोकता आलं असतं. ते त्याला आपल्याकडे घेऊन जातात आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावतात. मग अपुल्लो अखयाला जायला निघतो तेव्हा भाऊ त्याला उत्तेजन देतात, पत्र देतात. म्हणजे चूक दाखवली आणि पुढेही पाठवलं. मला वाटतं आपल्या मंडळीत यातलं दुसरं अर्धं आपण विसरतो. चूक सापडली की माणसाला सहा महिने बाकावर बसवतो.

रमाबाईंना पुढे पाठवणारं माणूस भेटलं अमेरिकेत. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या, नात्यातल्या आनंदीबाई जोशी ११ मार्चला डॉक्टर होणार होत्या त्या समारंभाला. बोलावणं होतं तिथल्या वैद्यकीय कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांचं. थोडे दिवस म्हणून गेलेल्या रमाबाई अमेरिकेत दोन वर्षांहून जास्त राहिल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, त्याला प्रस्तावना बॉडलींची. वर्षअखेरीला बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिने विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षांची मदत कबूल केली. आणि त्या काळात मनोरमा कुठे होती? बराच काळ इंग्लंडला. आजीबाईंकडे! ज्या बाईशी मुलीच्या शिकवणीवरून एवढं भांडण झालं, तिच्याच हाती मुलगी. मी या ओळीवर बराच वेळ थांबले होते. आपण ज्याच्यावर चिडतो त्याच्यावर विश्वासही ठेवू शकतो, हे मला माहीतच नव्हतं.

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींमधली एक विधवा गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ ठेवायचं असं ठरलेलं होतं. रमाबाई मनोरमेबरोबर आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या तेव्हा दार बंद करत नसत, आणि मुली येऊन बसायच्या. यावरून पुण्यात गदारोळ झाला, केसरीने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. गंमत अशी की एकीकडे चर्चवाल्यांना वाटायचं या बाई पुरेशा ख्रिस्ती नाहीत, आणि दुसरीकडे पुण्याला वाटायचं फारच ख्रिस्ती आहेत. बोस्टनच्या मंडळाने चौकशी केली आणि ते पाठीशी उभं राहिलं. रमाबाईंचे हिशोब, अहवाल सगळं तिकडे नियमित जात होतं. स्वतःच्या विवेकावर कोणाची मालकी नको म्हणणाऱ्या याच बाई पैशाचा, कामाचा हिशोब मात्र उघडा ठेवत होत्या.

याच काळात, १८९१ मध्ये, त्यांच्या आयुष्यातली ती मोठी घटना घडली. विल्यम हॅस्लम नावाच्या अँग्लिकन पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हा पाळक स्वतःच्याच उपदेशाच्या मधोमध खऱ्या विश्वासात आला होता. ते वाचताना रमाबाईंच्या ध्यानात आलं की बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली, ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला आहे, पण त्या धर्माचा जीवन असलेला ख्रिस्त अजून सापडलेला नाही. त्यांनी स्वतःला पूर्णपणे त्याच्या हाती दिलं.

आठ वर्षं. आजीबाईंच्या पत्रांनी जे झालं नाही, बीलबाईंच्या चर्चांनी जे पुरतं झालं नाही, ते एका पुस्तकाने आणि पवित्र आत्म्याने केलं. मग ती पत्रं, त्या चर्चा वाया गेल्या का? मला तसं वाटत नाही, पण सिद्ध करता येणार नाही. एवढं दिसतं की या आठ वर्षांत रमाबाईंना कोणीही खोटं बोलायला लावू शकलं नाही. त्यांनी न पटलेलं पटलं म्हणून सांगितलं असतं तर १८९१ मध्ये आपल्याजवळ काय नाही हे त्यांना कळलं असतं का? माझ्या कॉलेजच्या संगतीत मला ते कधीच कळलं नसतं. मी तर रोज रात्री पटलं म्हणत होते.

यानंतरच्या रमाबाई एकट्या दिसत नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणल्या आणि फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर मुक्ती उभी राहिली. १८९८ मध्ये त्यांना अमेरिकेला जायचं होतं तेव्हा मिनी एब्रम्स ही मेथडिस्ट मिशनरी मदतीला आली आणि बरीच वर्षं राहिली. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज जमून प्रार्थना करायला कोण येईल असं विचारलं, तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. त्या वर्षाच्या जूनमधल्या संजीवनाबद्दल तुम्ही ऐकलं असेल, त्यावर वेगळं लिहीन. मला त्या आधीच्या महिन्यांचं अप्रूप वाटतं. रोज, त्याच बायका, तीच खोली. ज्या बाईला कोणी मोडू शकलं नाही ती आता साध्या शेतकरणींबरोबर गुडघ्यावर.

आता माझं उरलेलं सांगते. संगत सोडल्यावर चार वर्षं मी मोकळी होते. कोणी विचारणारं नव्हतं. बाहेरून सगळं छान, उपासनेत गाणं पुढे उभी राहून म्हणायचे. आतून क्रेडिट कार्डाचं देणं वाढत चाललं होतं. एका कार्डाचं भरायला दुसरं, मग एका अ‍ॅपवरून कर्ज. घरी माहीत नाही, पाळकांना माहीत नाही. सेल ग्रुपमधली माझी एक मैत्रीण आहे, फार बोलकी नाही. एकदा बसस्टॉपवर तिने विचारलं की पैशाचा विषय निघाला की तू हल्ली गप्प का होतेस? एवढंच. मी भडकले. तुला काय करायचंय, तू माझी हेडमास्तर आहेस का, असं काय काय बोलले. तीन आठवडे तिच्याशी बोलले नाही. तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, ग्रुपमध्ये कोणाला सांगितलं नाही, आणि रविवारी माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवायचं थांबवलंही नाही. चौथ्या रविवारी मी त्या खुर्चीवर बसले आणि उपासना संपल्यावर आकडा सांगितला. पूर्ण आकडा. तिचा चेहरा पडला, मग तिने पर्समधून पेन काढलं आणि बुलेटिनच्या मागे आम्ही हप्ते मांडले. अजून सात राहिलेत. महिन्याच्या पाच तारखेला ती विचारते, भरलास का? मला दर वेळी थोडा राग येतो.

तर त्या रविवारच्या बहिणीला मी काय सांगायला हवं होतं? कदाचित हे, की जी तुला चटकन आवडते तिच्याकडेच बघू नकोस. कोण प्रश्न विचारून थांबतं ते बघ. तुझी गोष्ट दुसरीकडे कोण नेत नाही ते बघ. तू चिडल्यावरही खुर्ची कोण धरून ठेवतं ते बघ. आणि हेही, की तुझ्या आयुष्यात एखादी जेराल्डिन असेल, बोलण्यात कडक, समजून घेण्यात कमी, पण तुझ्यासाठी खरंच रडणारी, तर तिला लगेच सोडू नकोस. तिचं सगळं मानायची गरज नाही. उत्तर मात्र देत राहा. पण जिच्यासमोर तुला खोटं बोलायची सवय लागते आहे, तिथून निघ. मी निघाले ते बरोबर होतं, असं मला आजही वाटतं. चूक एवढीच झाली की निघून कुठेच गेले नाही.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांत त्या मूळ इब्री आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. शाळेची, सदनाची धुरा मनोरमेकडे होती. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली, चाळिशीची. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. भाषांतर पुरं झालं होतं.

आणि ती पत्रं? आपल्याकडे आज ती आहेत, कारण कोणीतरी ती जपून ठेवली, गोळा केली, क्रमाने लावली. ज्यात आपल्यालाच खडे बोल सुनावलेत, आपल्या हट्टावर बोट ठेवलंय, ती सगळी. फाडून टाकता आली असती. १९७७ मध्ये ती मुंबईत पुस्तक होऊन छापली गेली. गोळा करणारी होती सिस्टर जेराल्डिन. आजीबाई.

आज दिवसभरात जमलं तर प्रेषितांची कृत्ये १८ चा शेवट पुन्हा एकदा वाचा, आणि अपुल्लोच्या जागी स्वतःला ठेवून वाचा, प्रिस्किल्लेच्या नाही. मी नेहमी प्रिस्किल्लेच्या जागी बसते, सवयच आहे. परवा पाच तारीख आहे, मला हप्ता भरायचाय.

उद्याचं वाचन: १ शमुवेल २३:१५-१८